अळंबीची जागा

दत्ताराम गावाहून आला तो पायांतल्या वहाणा न काढताच गाळ्याच्या मधोमध आला, आणि पत्ते कुटत बसलेल्या आठ-दहा माणसांदेखत त्याने गुणाजीच्या मांडीवर केळीच्या खोडाच्या सोपात बांधलेलं एक पुडकं टाकलं. "घे रे शेट, तुजी अळंबी. मांगरातली पयली. वयनीन पाठवल्यान." गुणाजीच्या हातातली पानं खाली पडली. इस्पिकची राणी उताणी पडली आणि शामरावांनी ती बघूनही घेतली, पण गुणाजीला राणीची पर्वा नव्हती. पंधरा दिवस तो या घटकेची वाट बघत होता, आणि चांगल्यासाठी नव्हे. दत्ताराम येईल, तांब्याभर पाणी पिईल, मिशा पुसील आणि मग सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं हसून सांगेल की गुणाजीचा मांगर हा अळंबीचा कारखाना वगैरे काही नाही, माळावर चार कुजके खांब आहेत आणि मातीचा ढिगारा आहे, बस. दत्तारामाचं ते हसणं गुणाजीने मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावरची उत्तरंही त्याला पाठ झाली होती. आणि दत्तारामाने टाकलं काय, तर अळंबी. खोटं बोलून बोलून जिभेला घट्टे पडलेल्या माणसाला त्याचीच थाप कोणी अशी सोपात बांधून आणून दिली, तर त्याने करावं तरी काय?

थापांच्या बाबतीत गुणाजीचा हात धरणारा माणूस डिलाईल रोडवर नव्हता, हे खरं. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडतात, तर त्या फवाऱ्यांत जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, एकदा बेडूक पाळले होते आणि बेडूक ओरडले की पाळी सुटायची, भोंग्याची गरजच पडायची नाही, ही त्याचीच. त्याच्या वाडीच्या व्हाळात, ओढ्यात, एक कुर्ला खेकडा होता, तो बैलगाडीचं चाक धरून गाडी मागे ओढायचा, ही पण त्याचीच. गाळ्यात बावीस माणसं राहायची, तालुक्यातल्या पाच-सहा गावांची. पहिल्या पाळीची उठली की तिसऱ्या पाळीची त्याच वळकट्यांच्या उबेत पडायची. बायका सगळ्यांच्या गावाला. अशा गाळ्यात थाप ही चहासारखी लागायची. कोणी ती खरी मानायचं नाही, कोणी खोटी म्हणायचं नाही. पण अळंबीच्या थापेचं तसं नव्हतं. ती गुणाजीने करमणुकीसाठी मारली नव्हती, आणि हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. निदान तो तसं समजत होता.

कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीत कापूस बसतो. आधी सोमवारी खोकला येतो, मग सोमवार आठवडाभर चालतो. गाळ्याची रीत अशी की ज्याच्या खोकल्यात लाल दिसलं त्याला गावी पाठवायचं. कोणी हाकलत नाही, सगळे मिळून बोटीवर नेऊन बसवतात, ट्रंक वर चढवून देतात, "बरा होवन ये" म्हणतात. बरा होऊन आलेला अजून कोणी बघितला नव्हता. अशी गेलेली माणसं गुणाजीने मे महिन्यात गावोगावच्या ओसरीवर बघितली होती, घोंगडीत गुंडाळलेली, आल्यागेल्याला मुंबईचे भाव विचारणारी. बायको पेज आणून पुढ्यात ठेवते आणि तिच्या तोंडावर काहीच नसतं. वर्षातून एक महिना घरी जाणाऱ्या नवऱ्याने बावीस वर्षांत बायकोला दिले किती, तर बावीस महिने. म्हणजे दोन वर्षांचा संसारही धड नाही. आणि त्यावर शेवटी नेऊन द्यायचं काय, तर खोकला. गुणाजीला घरी जायचं होतं, फार जायचं होतं, पण असं नाही. असं गाठोड्यासारखं नाही. काहीतरी करायला जातो आहे असं जायचं होतं. आणि महिन्यापूर्वी मोरीत त्याने धोतराचा सोगा घाईघाईने धुतला, तेव्हा मागे शामराव तांब्या घेऊन उभे होते. वयाने आणि मानाने गाळ्यात थोरले. "गणपती होवंदेत," एवढंच म्हणाले, आणि आपला नंबर यायची वाट बघत उभे राहिले.

त्याने सोप सोडला. आत दोऱ्यात ओवलेली वाळकी अळंबी, तपकिरी, कानाच्या पाळ्यांसारखी आकसलेली. वास मात्र तोच, श्रावणातला, ओल्या मातीचा आणि कुठेतरी कोंबडीच्या रश्शाचा. गाळ्यातली माणसं पत्ते टाकून वाकली. कोणीतरी म्हणालं, "आयला, खरीच हत की रे!" त्या 'खरीच'मध्ये वर्षभराचा संशय असा पटकन बाहेर पडला की गुणाजीला आत कुठेतरी टोचलं. म्हणजे यांनी कधीच मानलं नव्हतं तर. त्याने एक अळंबं बोटांत चुरडलं. बोटांना रेती लागली. पांढरी रेती. गुणाजीच्या वाडीत माती लाल. तिथलं अळंबं कितीही धुतलं तरी पाण्याला विटेचा रंग येतो. पांढरी रेती खाडीपलीकडे, त्याच्या बायकोच्या, मालनच्या माहेरी. आणि दोरा त्याने लगेच ओळखला. तो गिरणीतला होता. कचऱ्याच्या पोत्यातून त्यानेच गावी नेलेला.

त्या पोत्याची सुरुवात दीड-पावणेदोन वर्षांमागची, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं रेडिओवर सांगितलं त्या जानेवारीतली. गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, जळके टायर, कर्फ्यू. गाळ्यातला कोंडीराम चहा अर्धा ठेवून "नाक्यावर काय चाललाहा ता बघून येतंय" म्हणून उठला आणि नाक्यावरच राहिला. गोळी मानेत लागली होती. त्याची बशी दोन दिवस तशीच होती, उचलायचं कोणाला सुचलं नाही, चहावर साय धरली आणि साय सुकली. त्याच्या खुंटीवर अजून कोणी सदरा टांगत नाही. गिरणी उघडली तेव्हा गुणाजी खात्यामागच्या बोळात गेला, जिथे कापसाचा कचरा साठवतात. वरच्या नळाची गळती त्या ढिगावर आठवडाभर पडत राहिली होती, झाडणारं कोणी नव्हतं. आणि त्या काळपट, तेलकट ढिगावर अळंबी उगवली होती. शेदीडशे. पांढरी, सडपातळ, गंभीर, मयताला जमलेल्या माणसांसारखी एकमेकांना चिकटून उभी. गुणाजी तिथे किती वेळ उभा राहिला कोण जाणे. माणसं मेली त्या आठवड्यात हे इकडे कोणालाही न विचारता उगवत होतं. त्याला त्याची लाज वाटली, आणि लाजेच्या खालून काहीतरी हलकं वर आलं. कोणी झाडलं नाही, कोणी तुडवलं नाही, तर गिरणीच्या घाणीतसुद्धा हे येतं. मग माझ्या माळावर का नाही येणार?

डबाभर खुडून तो संध्याकाळी फोर्टातल्या एका हॉटेलच्या मागच्या दाराशी गेला. तिथला गोवेकर खानसामा परदेशी डब्यातली अळंबी साहेबांना करून घालतो, असं त्याने ऐकलं होतं. खानसाम्याने डबा उघडला. आत शाई. काळीकुट्ट, दाट, दौतीत असते तशी. पांढऱ्या छत्र्यांचा मागमूस नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती विरघळून शाई झाली होती. ही मात्र थाप नव्हती, आणि गाळ्यात नेमकी हीच कोणाला पटली नाही. खानसामा पोट धरून हसला. "अरे बाबा, ह्याने बायकोला पत्र लिही. खाऊ नको, मरशील." मग हसणं ओसरल्यावर सहज म्हणाला, "पण चांगली पांढरी ताजी आणशील तर जेवढी आणशील तेवढी घेतो. बोटीने येतात तेव्हा डब्याची चव लागते त्यांना." एवढंच. तो सहज म्हणाला आणि कांदे कापायला वळला असेल. गुणाजी मात्र फोर्टापासून डिलाईल रोडपर्यंत चालत आला. छाती भरून आली तरी थांबला नाही. बायकोला पत्र लिही. मालनला वाचता येत नव्हतं.

त्या मे महिन्यात तो कचऱ्याची दोन पोती गादीचा कापूस म्हणून बोटीवर चढवून गावी गेला आणि पावसातही परतला नाही. माळावरचा तुकडा नुसता पडून होता. नाचणीसुद्धा नीट धरत नव्हता. तिथे त्याने नारळीच्या झापांचा मांगर, शेतावरचं खोपटं, उभारला, आत बांबूचे माचे, माच्यांवर भिजवलेला पेंढा आणि गिरणीचा कचरा. दोन वेळा पाणी मारायचं, गोणपाटं ओली ठेवायची, उजेड येऊ द्यायचा नाही. मालन भाताच्या पेरणीतून यायची, दारात उभी राहून अंधारात बघायची. "बाळंतिणीची खोली केल्यात ही," ती एकदा म्हणाली, आणि म्हटल्यावर गोणपाटं भिजवायला वळली, कारण त्यांच्या घरात ती खोली कधी लागलीच नव्हती. पण तो पाऊस चांगला गेला. जन्मात पहिल्यांदा नवरा-बायको मृगापासून श्रावणापर्यंत एका छपराखाली होती. मालन घोरते हे गुणाजीला बावीस वर्षांनी कळलं. तो खोकला की ती उठून बसायची, पाठीवर हात ठेवायची, विचारायची काही नाही. माच्यांवर उगवलं ते शाईचंच. एकदा उगवलं, दोनदा उगवलं, दुपारी काळं होऊन पेंढ्यावर ओघळलं. तिसऱ्यांदा तेही नाही.

मग मालनने त्याला जागा दाखवली. गुणाजीच्या आईची जागा. राधाबाईने ती मालनला लग्नानंतर सातव्या वर्षी दाखवली होती, सून टिकते की नाही ते नीट बघून. मुलाला कधीच दाखवली नाही, कारण पुरुषांच्या पोटात काही राहत नाही, आणि तुझ्या घोवाच्या तर नायच नाय. वाडीत अशीच रीत. अळंबीची जागा सासूकडून सुनेला, लेकीलासुद्धा नाही. मालनला सून यायची नव्हती. "मग ठेवतलंय कोणासाटी?" ती म्हणाली, आणि पहाटेच्या झिमझिमीत त्याला करवंदीच्या जाळीतून आत घेऊन गेली. तिथे लाल मातीचं वारूळ होतं, कमरेएवढं, आणि त्याच्या अंगाखांद्यावर अळंबी, जशी टोपलीतून सांडलेली. गुणाजीने "ती बघ!" म्हणून बोट केलं, तर मालनने चटकन त्याचं बोट आपल्या मुठीत धरून खाली ओढलं. "बोट दाखवू नकात. रुसतत." कोयता लावायचा नाही, हाताने हळू फिरवून काढायचं, एक तरी मागे ठेवायचं, जाताना मागे वळून बघायचं नाही. गुणाजी या सगळ्यावर हसला. मुठीतलं बोट मात्र त्याने लगेच सोडवून घेतलं नाही.

चार दिवसांनी मालन लावणी राहिलेल्या मळ्यात गेली असताना त्याने कुदळ घेतली. त्याचा हिशेब गिरणीतल्या माणसाचा होता: माल जिथे निघतो तिथलं यंत्र उचलून आपल्या खात्यात आणायचं. वारूळ फोडलं. आत त्याला मधाच्या पोळ्यासारखे राखी रंगाचे मऊ गोळे सापडले, त्यांवर मोहरीहून लहान पांढरे ठिपके. बी! गुणाजी मातीत गुडघ्यांवर बसून ओरडला, एकटाच. पाटीपाटीने त्याने सगळं वारूळ मांगरात नेलं, माच्यांवर पसरलं, वरून पेंढा, वरून पाणी. अळंबीला जागा लागते ना, मग घ्या जागा. त्या जागेत राहतं कोण हे त्याने विचारलंच नाही. वाळवीने आधी पेंढा खाल्ला. मग माचे खाल्ले. मग झाप, मग खांब, आणि खुंटीला टांगलेला त्याचा मुंबईचा कोट, त्याची नुसती बटणं उरली. तीन आठवड्यांत मांगर एका दुपारी, वारा नसताना, उंटासारखा गुडघे टेकून खाली बसला. एरवी या गोष्टीवर गुणाजीने सहा महिने गाळा हसवला असता. त्याच दुपारी मालन पाटी घेऊन जाळीत गेली होती. बऱ्याच वेळाने आली, तिच्या कोपरांना करवंदीचे ओरखडे होते. तिने पाटी उंबऱ्यावर उपडी ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वर गेल्यावर सासूक काय सांगू मी?" आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर आठ दिवस तो खोकला तरी ती उठून बसली. हात ठेवला नाही.

तो मुंबईला परत आला, आणि गाळ्याच्या दारात शामरावांनी "काय, उगावली का?" विचारल्याबरोबर त्याच्या तोंडून निघालं, "छत्रीएवढी." मग ती वाढतच गेली. बाहेर मुंबईसाठी मोर्चे निघत होते, दिल्लीने दोन मुलखांची मोट बांधली होती, निवडणुकीत समितीने हिसका दाखवला होता. गाळ्यात गुणाजीच्या अळंबीला एक माणूस राखणीला ठेवावा लागला होता. फक्त दत्ताराम त्याच्या वाडीतला, आणि तो भावाशी भांडून दोन वर्षं गावी गेला नव्हता. यंदा भावाने पत्र घातलं. दत्ताराम ट्रंक भरायला लागला तेव्हा गुणाजीने त्याला विडी दिली, पेटवून दिली, आणि सांगायचं ते सांगता आलं नाही.

"किती मोठा मांगर हा रे, दत्ताराम?" शामराव विचारत होते. गुणाजीने मान खाली घातली. "मांगर?" दत्ताराम म्हणाला. वहाणा काढून तो आता भिंतीला टेकला होता. "मांगर म्हणजे काय, नायगावच्या गोडावनाएवढो. मी आत गेलंय तर वाट चुकलंय. वयनी कंदील घेवन इली म्हणान बाहेर पडलंय." गाळा हसला. दत्तारामाला थाप मारता येत नसे. त्याचे कान लाल व्हायचे. आता ते लाल होते. गुणाजीने ते बघितलं आणि त्याला हसावं की उठून जावं कळेना.

पाणी प्यायला दत्ताराम मोरीकडे गेला तेव्हा गुणाजी मागोमाग गेला. "तू बघलंस मा सगळा?" "बघलंय." नळ सुरू होता. दत्ताराम त्याच्याकडे न बघता हात धूत राहिला. "मी वयनीक सांगलंय, गुणाजी थंय गाळ्यात काय काय सांगता ता. म्हटलं, हसात जरा. ती हसाक नाय. इचारल्यान, खोकलो कसो आसा? मी सांगलंय." नळाचं पाणी तांब्यावरून वाहू लागलं. "तिसऱ्या दिवशी ती होडीत बसान खाडीपार म्हायेराक गेली. सुभद्रेकडे." सुभद्रा ही मालनची भावजय. दोघींचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या बाराव्याला सुभद्रा मालनला वांझ म्हणाली होती, तेव्हापासून मालनने माहेरच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं नव्हतं. "सुभद्रेन जागा सांगूक नाय. पण अळंबी दिल्यान. वयनीन वाळवल्यान, दोऱ्यात ओवल्यान आणि माका म्हणाली, सगळ्यांदेखत दी. मांगरातली म्हणान दी." दत्तारामाने नळ बंद केला. "आणि म्हणाली, त्यांका सांग, खुडूक माणूस नाय. येवा म्हणावं."

गुणाजी मोरीतच उभा राहिला. भिंतीवर शेवाळ होतं, कोपऱ्यात कोणाचा तरी वाळत टाकलेला पंचा. खुडायला माणूस नाही. मालन जन्मात खोटं बोलली नव्हती. तिला ते जमतच नसे, साधा शिळा भात ताजा म्हणून वाढता येत नसे तिला. आणि आता तिने थाप मारली होती, एवढी मोठी की होडीत घालून खाडीपार न्यावी लागली, सुभद्रेच्या उंबऱ्यावर मान वाकवावी लागली. तिचीच जागा मोडून आलेल्या माणसासाठी ती दुसऱ्याच्या जागेची भीक मागून आली होती. त्याने तिच्या चेहऱ्याची कल्पना करायचा प्रयत्न केला, सुभद्रेपुढे पदर धरलेल्या. आणि त्याला दिसला तो ओरखडलेला कोपर, पाटी उपडी ठेवणारा. त्याने जवळजवळ दोन वर्षं घालवली होती गाठोडं न होता घरी जायचा रस्ता बांधण्यात. तिने तो पंधरवड्यात ओवून पाठवला होता.

संध्याकाळी गाळ्यात अळंबीचं सुकं झालं, खोबरं वाटून, काळ्या वाटाण्याच्या उसळीसारखं घट्ट. बावीस जणांना प्रत्येकी दीड-दोन तुकडे आले, पण प्रत्येकाने बोटं चाटली. तिसऱ्या पाळीवाल्यांचं झाकून ठेवलं. गुणाजीने घास तोंडात घातला. रेती कचकन दाताखाली आली. तो ती गिळत राहिला. शामराव शेवटी ताट सारून म्हणाले, "आता हंय कित्याक बसलंस रे? थंय माल कुजत ऱ्हवतलो." सगळे "व्हय तर, व्हय तर" म्हणाले. शामराव त्याच्या डोळ्यांत बघत नव्हते. त्याच्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत होते, जिथे तो खोकल्यावर तोंड पुसायचा. आणि गुणाजीला कळलं की शामरावांना सगळं माहीत आहे, कदाचित पहिल्या छत्रीपासून. कदाचित त्या 'खरीच' म्हणणाऱ्यालाही. बावीस माणसं एका माणसाची थाप वर्षभर हातांवर झेलून होती, खाली पडू न देता. "जातंय," तो म्हणाला. "दसरो झालो की जातंय. पुढच्या वर्षी पोतीच्या पोती पाठवतंय. तुमका झोपाक जागा उरूची नाय." "पाठव, पाठव," शामराव म्हणाले, आणि चूळ भरायला उठले ते बराच वेळ मोरीतून आले नाहीत.

भाऊच्या धक्क्यावर त्याला सोडायला अकरा जण आले. ट्रंक चढवून दिली. "बरा होवन ये" कोणी म्हणालं नाही. सगळे त्याला शेट म्हणत होते. गाळ्यात त्याची खुंटी कोंडीरामाच्या शेजारची. तिच्यावर नवा माणूस येईल, असं ठरलं होतं. निघताना त्याने बघितलं तर दोन्ही तशाच मोकळ्या होत्या.

गावच्या बंदरावर मालन आली होती. ट्रंक तिने डोक्यावर घेतली, कारण पाचव्या पावलाला तो थांबायला लागला होता. वाटभर त्याने एक गोष्ट तयार केली होती, बोटीवरच्या कप्तानाची आणि बोलक्या बांगड्याची, पण ती तोंडातून निघाली नाही. घरी न जाता तो माळाच्या बाजूला वळला. ती ट्रंक घेऊन मागून आली. करवंदीच्या जाळीत तो खड्डा होता. पावसाने कडा ढासळल्या होत्या, आत पाणी साचून सुकलं होतं, तळाला लाल चिखलाच्या भेगा. दुसरं काही नाही. गुणाजीने खिशातून एक अळंबं काढलं. वाळकं, तपकिरी. गाळ्यातल्या सगळ्या माळेतलं त्याने ते एक मागे ठेवलं होतं. ते घेऊन काय करायचं होतं त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. ते खड्ड्याच्या तळाशी ठेवून तो उठला. धाप लागली. धाप ओसरेपर्यंत मालनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मालन," तो म्हणाला, "हंयच मा गो ती..." आणि त्याने बोट केलं.

तिने ट्रंक एका हाताने सावरली. दुसऱ्या हाताने ते बोट मुठीत धरून खाली ओढलं.

"बोट दाखवू नकात," ती म्हणाली.